पाम म्यूट आणि पेडल पॉइंट रिफ: कोकणात राहून मेटल गिटार शिकणाऱ्यांसाठी सरावाची वाट

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा मालवण अशा ठिकाणी राहून मेटल गिटार शिकायचे ठरवले, तर जवळपास शिक्षक मिळणे अवघड असते. मग शिक्षण मोबाइलवरच्या व्हिडिओंतून होते. त्या व्हिडिओंत डावा हात स्पष्ट दिसतो, पण उजव्या हाताच्या तळव्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही. पेडल पॉइंट रिफ (रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा सुरांचा छोटा तुकडा) मात्र जवळजवळ पूर्णपणे त्या तळव्याच्या कडेवर उभा असतो. डाव्या हाताची बोटे अचूक पडत असूनही रिफ पसरट किंवा चिखल झाल्यासारखा ऐकू येत असेल, तर दोष बहुधा उजव्या हातात असतो, आणि तो कितीही डिस्टॉर्शन (आवाजाला मुद्दाम आणलेला फाटकेपणा) वाढवले तरी झाकला जात नाही. हा लेख मुख्यतः त्या उजव्या हाताविषयी आहे.

प्रथम ही रचना समजून घ्या. एक खालचा स्वर सतत वाजत राहतो आणि त्याच्या मधल्या जागांत वरचे स्वर बदलत जातात, याला पेडल पॉइंट म्हणतात. पाश्चात्त्य संगीतात ही कल्पना पाइप ऑर्गनवरून आली. तेथे वादक पायाखालची पट्टी दाबून खालचा स्वर धरून ठेवतो आणि हातांनी वरचे सूर वाजवतो. आपल्याला ती समजायला तानपुरा पुरेसा आहे: षड्ज धरलेला असतो आणि गाणारा त्याच्या आधाराने फिरतो. फरक इतकाच, की मेटलमध्ये हा षड्ज सलग घुमत नाही. तो तळव्याची कड तारेवर टेकवून तुटक, जाड आणि तालाला बांधलेल्या ठोक्यांनी वाजवला जातो. या टेकवण्यालाच पाम म्यूट म्हणतात. पायाने दाबायच्या इफेक्ट पेडलचा याच्याशी काहीही संबंध नाही, त्यामुळे या सरावासाठी म्हणून असे पेडल विकत घेऊ नका.

१. साहित्य जमवा

- ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा जेथे टेकतात तो धातूचा भाग) हंबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचा, पिकअप असलेली इलेक्ट्रिक गिटार. ब्रिज स्थिर असेल तर उत्तम.
- १ मिलिमीटर किंवा त्याहून जाड पिक, म्हणजे तार छेडण्याची चकती. पातळ पिक तारेवर वाकते आणि ठोका उशिरा पडतो.
- १०-४६ जाडीच्या तारांचे दोन संच. एक गिटारवर, दुसरा बंद पाकिटात घरी ठेवलेला.
- ट्यूनर आणि मेट्रोनोम. दोन्ही मोबाइलवर चालतात.
- लहान ॲम्प, किंवा ऑडिओ इंटरफेस आणि तारेचा हेडफोन.
- कोरडे सुती फडके, शिलाई मशीनचे तेल आणि सिलिका जेलच्या पुड्या. यांचा उपयोग शेवटच्या पायरीत येईल.

यांतील दोन गोष्टींविषयी थोडे सविस्तर सांगतो. तरंगत्या ब्रिजची गिटार दिसायला आकर्षक असते. मात्र तिच्यावर तळवा टेकवून थोडा जास्त दाब दिला की ब्रिज मागे झुकतो आणि सगळे सूर चढतात. नवशिक्याला आपला हात चुकतो आहे की वाद्य हलते आहे हे कळत नाही. त्यामुळे पहिली गिटार निवडण्याची संधी असेल तर स्थिर ब्रिजच घ्या. दुसरी गोष्ट हेडफोनची. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणी ऐकताना ते जाणवत नाही, पण तालाच्या सरावात तेवढा उशीरही घातक ठरतो, कारण हात त्या उशिराशी जुळवून घ्यायला शिकतो आणि चुकीची सवय पक्की होते. हेडफोन तारेचाच हवा.

तारा संपल्यावर मागवू असा विचार करू नका. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की कुरिअर कित्येक दिवस खोळंबते. मे महिन्यातच मागवून ठेवा.

२. प्लग लावण्यापूर्वी अर्थिंग तपासा

ही पायरी संगीताची नाही, तरी ती वगळू नका. कोकणातल्या अनेक जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्याच्या मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, किंवा जोडलेली असली तरी अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. गिटारच्या तारा ॲम्पमार्फत अर्थिंगशी जोडलेल्या असतात. पाम म्यूटमध्ये तर तुमचा तळवा सतत धातूच्या ब्रिजवर असतो. तारांना हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले किंवा बारीक झटका बसला, तर तत्काळ प्लग काढा आणि परवानाधारक वायरमनकडून जोडणी तपासून घ्या. फरशीवर अनवाणी उभे राहून वाजवणे अशा घरात विशेष धोक्याचे आहे.

तारांना हात लावल्यावर ॲम्पची घरघर कमी होत असेल तर ती गोष्ट वेगळी आहे. ती सर्वसाधारण असून तिची भीती बाळगण्याचे कारण नाही.

३. तळव्याची जागा शोधा

गिटार मानक पद्धतीने लावा. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार मंद्र ई स्वरात असते. पेटीच्या भाषेत सांगायचे तर तुमचा षड्ज पांढरी तीन आहे. आता उजव्या हाताची करंगळीच्या बाजूची कड ब्रिजवर अशी ठेवा, की तिचा अर्धा भाग सॅडलवर (ब्रिजवरचा तार टेकण्याचा तुकडा) आणि अर्धा भाग सॅडलच्या पुढे तारांवर येईल. सहावी तार हळूच छेडा.

येथे घाई करू नका. तळवा पिकअपच्या दिशेला एकेक मिलिमीटर सरकवत प्रत्येक जागी तार छेडून पाहा. अगदी मागे, सॅडलवरच हात असेल तर तार जवळजवळ मोकळी वाजते. थोडे पुढे आल्यावर आवाज आखूड आणि भरीव होतो, आणि त्यात स्वरही ओळखू येतो. आणखी पुढे गेल्यास स्वर नाहीसा होऊन नुसता लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज उरतो. तुम्हाला मधली जागा हवी आहे. ती फार तर काही मिलिमीटर रुंद असते, आणि तारेच्या जाडीप्रमाणे व हाताच्या ठेवणीप्रमाणे बदलते. म्हणून दुसऱ्याने सांगितलेले माप उपयोगी पडत नाही. ती आपल्याच कानाने शोधावी लागते.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे तळवा दाबणे. पाम म्यूट हे जोराचे काम नाही, जागेचे आहे. तळवा स्वतःच्या वजनाने टेकलेला पुरेसा असतो. तो दाबला तर तार ताणली जाऊन स्वर किंचित चढतो आणि मनगट कडक होते; मग वेगाचा प्रश्नच उरत नाही. खात्री करायची असल्यास ट्यूनर चालू ठेवून तळवा टेकलेल्या अवस्थेत तार छेडा. काटा वर सरकला, तर दाब जास्त आहे.

४. फक्त षड्ज वाजवा

मेट्रोनोम ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर, लावा. प्रत्येक ठोक्याला दोन आघात याप्रमाणे सहावी तार मोकळी ठेवून (डाव्या हाताने न दाबता), तळवा टेकवून वाजवा. सगळे आघात खालच्या दिशेने, म्हणजे डाउनस्ट्रोकने करा. पिकचे टोक बोटांबाहेर थोडेच असू द्या आणि पिक तारेला किंचित तिरके धरा, म्हणजे ते अडकत नाही. हालचाल मनगटातून व्हावी. कोपर आणि खांदा सैल असावेत. पिक तारेपासून फार दूर जाऊ देऊ नका, कारण जेवढे अंतर वाढते तेवढा परतीचा वेळ वाढतो.

हा सराव कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच बहुतेक जण तो सोडून देतात. पण आठ आघातांतील प्रत्येकाची जाडी, लांबी आणि जोर सारखा येईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही. मोबाइल चार-पाच फुटांवर ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि वाद्य बाजूला ठेवून ऐका. वाजवताना न जाणवलेली असमानता ऐकताना लगेच कळते.

याच पायरीवर गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारे ॲम्पचे बटण) कमी करून वाजवण्याची सवय लावा. गेन पूर्ण वाढवला की कमकुवत आणि जोरदार आघात एकाच पातळीवर येतात, त्यामुळे हाताचे दोष लपतात. स्वच्छ आवाजात जो रिफ सारखा वाजतो, तो डिस्टॉर्शनमध्ये नक्की वाजतो. उलट मात्र होत नाही. वीज गेलेली असेल तरी सराव थांबवण्याचे कारण नाही. ॲम्पशिवाय आवाजाची जाडी पूर्ण कळणार नाही, पण आघातांची समानता शांत घरात अधिक चांगली ऐकू येते.

५. तळवा उचलणे आणि टेकणे

आता मुख्य कौशल्य. पेडल पॉइंट रिफचा सारा जोम बंद (म्यूट केलेल्या) आणि मोकळ्या (म्यूट न केलेल्या) आवाजातील फरकातून येतो. षड्ज बंद वाजतो, वरचा स्वर मोकळा वाजतो आणि त्यामुळे तो पुढे उठून दिसतो. दोन्ही बंद राहिले तर रिफ गुदमरतो. दोन्ही मोकळे राहिले तर नुसता गोंगाट होतो.

पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटवर बोट ठेवा. सहावी तार बंद वाजवा, मग तळवा केवळ एखादा मिलिमीटर उचलून, सातवा फ्रेट दाबलेलाच ठेवून पाचवी तार मोकळी वाजवा, आणि लगेच तळवा जागेवर आणा. हात हवेत नेऊ नका. मनगटाची बाहेरची कड ब्रिजच्या मागच्या भागावर टेकलेलीच राहावी आणि तेवढ्या आधारावर तळव्याची पुढची कड वर-खाली व्हावी. हात दरवेळी पूर्ण उचलला, तर परत येताना ती अरुंद जागा सापडत नाही आणि प्रत्येक षड्ज वेगळा वाजतो.

येथे दोन सापळे आहेत. तळवा उचलताच सहावी तार घुमू लागली, तर तुमचे म्यूट मुळातच हलके आहे. नीट बंद केलेला स्वर तोपर्यंत आपोआप विझलेला असतो. दुसरा सापळा डाव्या हाताचा आहे. वरचा स्वर संपवताना बोट तारेवरून झटकन उचलले तर पाचवी तार मोकळी वाजून नको असलेला ए स्वर घुसतो. बोट उचलू नका. फक्त दाब सोडा आणि बोट तारेला अलगद चिकटून राहू द्या. त्याच बोटाचा खालचा मांसल भाग चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर हलकेच पसरलेला ठेवला, तर त्या ताराही गप्प राहतात. जास्त गेनवर या मोकळ्या तारा फार त्रास देतात. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे उपकरण) लावून तो त्रास जात नाही, कारण गेट फक्त शांततेतील आवाज कापतो, वाजत असताना मिसळलेला नाही.

६. पहिला रिफ

खालील लेखनात ० म्हणजे सहावी तार मोकळी पण तळव्याने बंद, आणि इतर आकडे म्हणजे पाचव्या तारेवरील फ्रेट, तळवा उचलून.

० ० ७ | ० ० ८ | ० ७

एकूण आठ आघात आहेत आणि त्यांची विभागणी तीन, तीन, दोन अशी आहे. आधी वाद्य न घेता हातावर ताल धरा आणि मोठ्याने मोजा: एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन. मोकळा स्वर येतो तेथे, म्हणजे प्रत्येक गटाच्या शेवटच्या आकड्यावर, टाळी द्या. मग पाय मेट्रोनोमबरोबर समान ठेवून तेच म्हणा. पायाचा समान ठोका आणि टाळीची विषम विभागणी एकत्र सांभाळता आली की निम्मे काम झाले.

कोकणातल्या शिकणाऱ्याला येथे एक मोठी सोय आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो आणि वाडीवाडीत भजन मंडळे आहेत. पखवाज वाजवणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला संथ लयीत ठेका धरायला सांगा आणि हा रिफ त्याच्यावर बसवा. मेट्रोनोम फक्त वेळ सांगतो. पखवाजवादक सम चुकल्याबरोबर तुमच्याकडे पाहतो. डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) ऐकत वाढलेल्या मुलांना अशी विषम विभागणी फार लवकर उमगते, असे माझे मत आहे.

७. भैरवीचे स्वर वापरा

मेटलमध्ये फ्रिजियन नावाची स्वररचना फार वापरली जाते. तिच्यातील स्वर म्हणजे आपल्या भैरवी थाटाचे स्वर: षड्ज, कोमल रिषभ, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत आणि कोमल निषाद. भजनाच्या शेवटी म्हटली जाणारी भैरवी तुमच्या कानात आधीच बसलेली आहे, तेव्हा तक्ते पाठ करण्याऐवजी ती वापरा. पांढरी तीनच्या षड्जाने पाचव्या तारेवर हे स्वर असे येतात: दुसऱ्या फ्रेटवर पंचम, तिसऱ्यावर कोमल धैवत, पाचव्यावर कोमल निषाद, सातव्यावर षड्ज, आठव्यावर कोमल रिषभ, दहाव्यावर कोमल गंधार आणि बाराव्यावर मध्यम.

त्यांचा उतरता रिफ:

० ० १० | ० ० ८ | ० ७
० ० ५ | ० ० ३ | ० २

आधी वरचे सहा स्वर (गंधार, रिषभ, षड्ज, निषाद, धैवत, पंचम) गाऊन पाहा, मग वाजवा. षड्ज आणि कोमल रिषभ यांच्यात केवळ एका फ्रेटचे अंतर आहे. बंद षड्जावर मोकळा कोमल रिषभ आदळला की जो ताण निर्माण होतो, त्यासाठीच हा थाट मेटलमध्ये इतका आवडता आहे. स्वतःचे रिफ रचताना त्या रिषभाची जागा विचारपूर्वक ठरवा. तो प्रत्येक आवर्तनात चार वेळा आला तर त्याचा परिणाम बोथट होतो.

८. पिकची दिशा ठरवा

सुरुवातीला सगळे डाउनस्ट्रोक ठेवा, कारण त्यांतून येणारा जडपणा या शैलीचा पाया आहे. वेग वाढला की एक खाली, एक वर असे वाजवावे लागते. तीन-तीन-दोनच्या रिफमध्ये मोकळे स्वर तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या आघातावर आहेत. आलटून-पालटून वाजवताना तिसरा आघात खालच्या दिशेने पडतो, पण सहावा आणि आठवा वरच्या दिशेने. म्हणजे तोच जोर दोन वेगळ्या दिशांनी काढावा लागतो. वरच्या दिशेचा आघात नैसर्गिकरीत्या हलका असल्याने रिफ लंगडा ऐकू येतो. त्यासाठी केवळ अपस्ट्रोकने संथ लयीत हा रिफ काही वेळ वाजवा. त्रासदायक आहे, पण दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही.

९. वेग सावकाश वाढवा

वेग मोजताना आघातांची संख्या लक्षात घ्या. १२० च्या लयीत ठोक्याला दोन म्हणजे मिनिटाला २४० आघात. त्याच लयीत ठोक्याला चार म्हणजे ४८०. म्हणून नुसता लयीचा आकडा सांगून तुलना करू नका. एका लयीत रिफ सलग काही आवर्तने स्वच्छ आला, की मेट्रोनोम चारने वाढवा. बिघडला तर आठने उतरा. रोज थोडा वेळ दिलेला सराव आठवड्यातून एकदा तासन्‌तास केलेल्या सरावापेक्षा अधिक फळतो.

हातात थकवा येणे स्वाभाविक आहे, दुखणे नाही. मनगटात किंवा कोपराजवळ कळ आली तर त्या दिवशी वाद्य ठेवून द्या. बोटे बधिर होत असतील तर डॉक्टरांना दाखवा, वेदना होत असताना वाजवत राहू नका.

१०. पॉवर कॉर्ड जोडा

एकेरी स्वर पक्के झाल्यावर त्यांच्या जागी मूळ स्वर आणि त्याचा पंचम अशी जोडी वाजवा. पाचव्या तारेच्या सातव्या फ्रेटबरोबर चौथ्या तारेचा नववा, आठव्याबरोबर दहावा, दहाव्याबरोबर बारावा. दोन तारांवरून पिक न्यायचे असल्याने हालचाल मोठी होते आणि परतताना सहाव्या तारेवरचा आघात उशिरा पडतो. लय उतरवून घ्या. दुसऱ्या फ्रेटवरील पंचमाची जोडी केली तर चौथ्या तारेवर शुद्ध रिषभ येतो, जो भैरवीत नाही. तो मुद्दाम हवा असेल तर ठेवा, अन्यथा तेथे एकेरी स्वरच बरा.

ॲम्पवर मधल्या पट्टीचे आवाज, म्हणजे मिड, शून्यावर नेऊ नका. एकट्याने वाजवताना तो आवाज भव्य वाटतो, पण ड्रम आणि बेस बरोबर आले की गिटार ऐकूच येत नाही.

११. खाऱ्या हवेत गिटार सांभाळा

किनाऱ्यावर हे काम सरावाइतकेच नियमित करावे लागते. पाम म्यूटमुळे तळव्याचा घाम थेट सॅडलवर आणि त्यांची उंची ठरवणाऱ्या बारीक स्क्रूंवर पडतो. त्यात समुद्राची हवा मिसळली की ते स्क्रू गंजतात आणि पुढे फिरतच नाहीत. वाजवून झाल्यावर प्रत्येक वेळी तारा आणि ब्रिज कोरड्या फडक्याने पुसा. तारा बदलताना स्क्रूंवर काडीच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि जास्तीचे टिपून घ्या. तेल लाकडाला किंवा नव्या तारांना लागू देऊ नका.

पावसाळ्यात गिटार चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण त्या भिंती ओल धरतात. बंद केसमध्ये सिलिका जेल घालून ठेवा आणि पुड्या निकामी झाल्या की बदला. दमट हवेने मानेचे लाकूड बदलते आणि तारांची उंची कमी-जास्त होते. तसे झाले तर ट्रस रॉड (मानेतील तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, आणि नंतर काही तास थांबून पाहा.

सहाव्या तारेचा बंद आवाज मंद झाला, किंवा तिच्यावर बोट फिरवताना खरखर लागली, की पूर्ण संच बदला. नव्या तारा चढवल्यावर प्रत्येक तार बोटांनी अलगद ताणून पुन्हा सुरात लावा, आणि ती उतरेनाशी होईपर्यंत हे करत राहा. मगच तळवा पुन्हा ब्रिजवर ठेवा आणि तिसऱ्या पायरीप्रमाणे जागा नव्याने शोधा, कारण नव्या तारेवर ती थोडी सरकलेली असते.